ट्यून केलेल्या बाणांच्या वेन्स बदलायच्या, पण नॉकचा कोन हलू द्यायचा नाही

पन्नास_मीटर

कंपाउंड धनुष्याचा १२ बाणांचा संच आहे. कार्बन शाफ्ट (बाणाची दांडी), बाहेरचा व्यास साधारण ५.५ मिमी, तीन वेन्स (शेपटीचे पंख), दोन इंची, किंचित तिरक्या बसवलेल्या. नुसते शाफ्ट मारून प्रत्येकाचा नॉक (दोरी अडकते ते मागचं खाचेचं टोक) फिरवत फिरवत जुळवलाय आणि मगच वेन्स चिकटवल्यात. आता पाच बाणांच्या वेन्स फाटल्यात किंवा मागच्या टोकाने सुटल्यात. जिग (वेन्स चिकटवायचं साधन) घरी आहे, एका वेळी एक वेन बसवणारी.

विचारायचंय ते असं: खरवडताना नॉक हलू नये यासाठी काय करायचं? फाटलेली एकच वेन बदलावी की तिन्ही? आणि जुन्या गोंदाची रेष दिसतेच आहे, तर तिच्यावरच नवी वेन ठेवली तर काय बिघडलं?

जिगवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, गोंधळ तिथेच होतो.

बाणाच्या शेपटीकडे दोन वेगळे कोन असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिला नॉक आणि शाफ्ट यांच्यातला. कुठलाही शाफ्ट सगळ्या बाजूंनी तंतोतंत सारखा ताठ नसतो. नॉक फिरवून आपण ठरवतो की दोरीने ढकलल्यावर तो कोणत्या बाजूला वाकणार. तुम्ही नुसते शाफ्ट मारून जे जुळवलंत ते हे. दुसरा कोन नॉक आणि वेन यांच्यातला. त्यावर ठरतं की वेन रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) पात्याला आणि धनुष्याच्या केबलला न शिवता निघून जाईल की नाही.

जिग बाणाला नॉकच्या खाचेत धरते. म्हणजे दुसरा कोन ती आपोआप सांभाळते. पहिल्याची तिला गंधवार्ताही नसते. खरवडताना नॉक ४० अंश फिरला, तर जिग निमूटपणे तिन्ही वेन्स ४० अंश सरकवून बसवेल. बाण दिसायला देखणा होईल, रेस्टला शिवणारही नाही, फक्त बाकीच्या अकरांबरोबर पडणार नाही. मग आपण साइट (नेम धरायचं साधन) फिरवत बसतो.

आता जुन्या गोंदाची रेष. ती शाफ्टवर आहे, त्यामुळे नॉक हलला का हे ओळखायला उत्तम. वेन बसवायची खूण म्हणून मात्र वाईट. ५.५ मिमी व्यासाच्या शाफ्टचा घेर १७.३ मिमी. म्हणजे अर्धा मिलिमीटर चुकलात की १० अंश चुकलात. गोंदाचा पट्टा दीड-दोन मिमी रुंद असतो, त्यात मध्य डोळ्याने कसा काढणार? वेन बसवायची ती जिगनेच.

पन्नास_मीटर

हे डोक्यात शिरलं. म्हणजे जपायचा तो नॉक-शाफ्टचा कोन. पण शाफ्टवर मार्करने रेघ मारली तर तिचीच जाडी अर्धा-एक मिमी असते, तिथेही १०-२० अंशांचा घोळ होणार ना?

जिगवाला

होईल, म्हणून रेघेचा मध्य बघायचा नाही, रेघेची कड बघायची. पद्धत अशी:

वेन्सना हात लावण्याआधी बाण जसाच्या तसा जिगमध्ये ठेवा, इंडेक्स वेन (तिन्हींतली खुणेची) वरच्या बाजूला. ती वेन शाबूत असेल तर क्लॅम्प (वेन धरणारी जिगची पकड) तिच्यावरच बंद करून पूर्ण खाली बसवा. क्लॅम्प वेनपेक्षा लांब असतो, त्यामुळे त्याचं पुढचं टोक वेनच्या पुढे येतं. तिथे, वेनच्या टोकापासून १०-१५ मिमी पुढे, क्लॅम्पच्या उजव्या कडेला टेकवून पांढऱ्या किंवा चंदेरी बारीक पेनाने सेंटिमीटरभर रेघ ओढा. सगळ्या बाणांवर उजवीच कड. या रेघेला आमच्याकडे साक्षीरेघ म्हणतात.

रेघ वाळली की तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा. हे विसरलात तर सगळं वाया, कारण पुढे शाफ्ट ज्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचाय तेच मार्करची शाईही पुसतं.

खरवडून, पुसून झालं की बाण परत जिगमध्ये. रिकामा क्लॅम्प बंद करून खाली आणा. उजवी कड रेघेवर आली तर नॉक हलला नाही. नाही आली तर नॉक चिमटीत धरून इतकाच फिरवा की कड रेघेला मिळेल. क्लॅम्प तिरका लावला असला तरी फरक पडत नाही, दोन्ही वेळा तो त्याच तिरकेपणाने येतो. मात्र मधल्या काळात जिगचा कोणताही स्क्रू हलवायचा नाही.

आणखी एक. बाणांचे क्रमांक कुठे लिहिलेत? वेनवर असतील तर आधी ते शाफ्टवर उतरवून घ्या. पाच बाणांच्या वेन्स एकदम सोलल्या की सात नंबरचा कुठला आणि अकराचा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

खडूफळा

वरच्याला अनुमोदन, एक भर. तिन्ही वेन्स एकदम बसवणाऱ्या जिगला असा मोकळा क्लॅम्प नसतो. तिथे नॉकच्या कॉलरवरून शाफ्टवर उतरणारी एकच सलग बारीक रेघ ओढा. नॉक फिरला की ती तुटलेली दिसते. १५ अंशांच्या पुढची चूक डोळ्याला लगेच कळते. त्याहून बारीक चूक कळत नाही, पण ती तेवढी नडतही नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण नवीन मुलं अंश-अर्ध्या अंशाच्या मागे लागतात. नॉक जुळवताना आपण साधारण ४५-४५ अंशांनी फिरवतो, मग ३ अंशांच्या फरकाने काय होणार? भीती बाळगायची ती १२० आणि १८० अंशांच्या चुकीची. १२० म्हणजे इंडेक्स वेन चुकीच्या जागी गेली. १८० म्हणजे नॉक जिगमध्ये उलटा बसला. खाच दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे जिग काही बोलत नाही. सुलटं-उलटं कळावं म्हणून नॉकच्या एका कानावर, इंडेक्स वेनच्या बाजूला, पेनाचा ठिपका द्या.

जिगवाला

बरोबर, नॉक-शाफ्टच्या कोनात इतकी सूट आहे. नॉक-वेनच्या कोनात नाही. वेनची उंची १० मिमी धरा, शाफ्टची त्रिज्या २.७५. म्हणजे वेनचं टोक मध्यापासून पावणेतेरा मिमीवर. १० अंशांच्या चुकीत ते टोक २.२ मिमी सरकतं. केबल आणि वेन यांच्यात जागाच मुळात कमी असेल, तर तेवढ्यात वेन घासायला लागते.

बघ्या

मध्येच तोंड घालतोय. धनुर्विद्या म्हटलं की मला चित्रातला अर्जुन आठवतो, त्यामुळे प्राथमिक प्रश्न: वेन म्हणजे बाणाची पिसंच ना? आणि कंपाउंड म्हणजे चाकं असलेला धनुष्य तोच का?

खडूफळा

हो आणि हो. वेन म्हणजे प्लास्टिकचं पीस. आपल्याकडच्या इंडियन राउंडमध्ये बांबूचा धनुष्य आणि खरी पिसं असतात, ५० आणि ३० मीटरवर. कंपाउंड म्हणजे साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपदं मिळवली तो प्रकार, अंतर ५० मीटर. ऑलिम्पिकमध्ये गेली अनेक वर्षं रिकर्व्हच आहे, म्हणजे चाकं नसलेला धनुष्य, ७० मीटरवरून. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येतेय. अवांतर संपलं.

कोकणवारा

आता खरवडण्याबद्दल, बाण मरतात ते इथे.

धारदार कटर वापरू नका. कार्बनच्या धाग्यांवर आडवा चरा पडला की शाफ्ट तिथे कमकुवत होतो, आणि असा शाफ्ट सुटताना तुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. बोथट सुरी, जुन्या कात्रीचं पातं किंवा वेन काढायचं तयार हत्यार चालेल. पातं शाफ्टला जवळजवळ काटकोनात धरून ओढायचं, खणायचं नाही. आधी वेनच्या पुढच्या टोकाखाली पातं सरकवून सेंटिमीटरभर सोडवा, मग वेन पकडीत धरून मागे सोलत न्या. बरेचदा अख्खी निघते, खाली फक्त गोंदाचा पट्टा उरतो.

नॉक फिरतो तो बहुतेक इथेच, कारण बाण स्थिर ठेवायला माणूस शेपटीला, म्हणजे नॉकलाच धरतो. शाफ्ट वेन्सच्या पुढे धरा, शक्यतो रबरी हातमोजा घालून. मोजा दोन्हीसाठी: पकड बसते आणि कार्बनची कुसळं बोटात जात नाहीत. ती कुसळं साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण दोन दिवस टोचत राहतात.

उरलेला गोंद काढायला ॲसिटोन वापरायचा असेल तर फडक्यावर थेंबभर, आणि नॉकपासून लांब. बरेचसे नॉक पॉलिकार्बोनेटचे असतात, ॲसिटोनने त्यांना केसासारख्या बारीक चिरा जातात. असा नॉक आज शाबूत दिसतो आणि उद्या पूर्ण ताणलेल्या दोरीवर फुटतो. बाण ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवणं तर अजिबातच नाही.

शेवटचं पुसणं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ९९ टक्केवालं. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात बरेचदा तेल आणि सुगंध असतो. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिटही नको, त्यात तेलकट भर घातलेली असू शकते. ती सगळी पातळ थर सोडतात आणि वेन दुसऱ्याच दिवशी सुटते. पांढरा टिश्यू घ्या, त्यावर काळं उमटायचं थांबेपर्यंत पुसा. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

पन्नास_मीटर

माझ्या शाफ्टवर शेपटीकडे रंगीत रॅप (गुंडाळलेली चिकट पट्टी) आहे, वेन्स त्यावर चिकटवल्यात. तो ठेवायचा की काढायचा?

कोकणवारा

वेन सोलताना रॅप फाटला नाही तर ठेवा. फाटला तर अख्खा काढा, ठिगळ लावू नका. शेपटीचा भाग हाताला सोसेल-न सोसेल इतक्या गरम पाण्यात मिनिटभर धरा, म्हणजे रॅप मऊ पडून सोलता येतो. उकळतं पाणी किंवा हीट गन नको, कार्बन बांधून ठेवणारं रेझिन उष्णतेने बिघडतं.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने रॅपची दोन लफडी आहेत. साक्षीरेघ रॅपवर ओढली असेल तर ती रॅपबरोबर कचऱ्यात जाते. तेव्हा ती रॅपच्या पुढे, उघड्या शाफ्टवर हवी. दुसरं, शाफ्टमधली हवा गरम होऊन फुगते आणि नॉक मागे ढकलते. ढकलला गेलेला नॉक आपण सहज दाबून परत बसवतो, आणि तो कोणत्या कोनात बसला याकडे लक्षच नसतं. गरम पाण्यानंतर साक्षीरेघ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रिकर्व्ह_ताई

एकच वेन की तिन्ही, याचं उत्तर राहिलं वाटतं.

एकच फाटलीय, बाकी दोन ताठ आहेत, त्यांच्या कडा शाबूत आहेत आणि त्याच मापाची नवी वेन हाताशी आहे: एकच बदला. दोन गेल्या असतील तर तिन्ही. पण एकच बदलायची तर जिग पूर्वीच्याच मांडणीत आहे हे आधी सिद्ध करा. त्यासाठी फुटपट्टी लागत नाही. बाण जिगमध्ये ठेवा, शाबूत असलेल्या एका वेनवर क्लॅम्प बंद करा आणि खाली दाबा. क्लॅम्प सहज बसला, वेनला मुरड पडली नाही, शाफ्ट आपल्या जागेवरून उचलला गेला नाही, तर जिग तीच आहे. वेन जरा जरी वळली तर तिरकेपणाचा कोन बदललाय. मग जिग नीट लावा आणि दुसऱ्या शाबूत वेनवरही हीच परीक्षा घ्या. दोन्हींवर उतरली तरच तिसरी बसवा.

मागची जागाही मोजून ठेवा. शाफ्टच्या मागच्या टोकापासून वेनच्या मागच्या कडेपर्यंत किती मिमी? नॉकपासून मोजू नका, नॉक बदलला की ते माप बदलतं. आकडा जिगलाच पट्टी चिकटवून लिहून ठेवा. कंपाउंडला साधारण २०-२५ मिमी असतं, रिकर्व्हला बोटं आणि हनुवटी चुकवायची म्हणून थोडं जास्त.

पन्नास_मीटर

हे माप लिहून ठेवलेलंच नाही. पण सात बाण शाबूत आहेत, त्यांवरून घेईन.

रंगाबद्दलही विचारतो. त्याच वेन्स आहेत पण पिवळ्या संपल्यात, हिरव्या मिळाल्या. फक्त बदललेल्या जागी हिरव्या लावल्या तर?

खडूफळा

सरावाला लावा, स्पर्धेत नाही. वर्ल्ड आर्चरीच्या नियमानुसार एका एंडमध्ये, म्हणजे एका खेपेत, मारलेले सगळे बाण एकसारखे हवेत. वेन्सचा रंग आणि रचना, नॉक, शाफ्टवरचे पट्टे, सगळं. इंडेक्स वेन वेगळ्या रंगाची असू शकते, पण मग ती सगळ्याच बाणांवर तशी हवी. शाफ्टवर तुमचं नाव किंवा आद्याक्षरंही लागतात. रॅपवर लिहिली असतील तर रॅप काढल्यावर पुन्हा लिहायला विसरू नका, साहित्य तपासणीत हे बघतात.

जिगवाला

नवी वेन चिकटवण्याआधी एक पाहून घ्या: त्या वेन्स फाटल्या कशाने?

पाचही बाण समोर ठेवा, इंडेक्स वेन वर. फाटलेली वेन प्रत्येकावर वेगळ्या जागी असेल तर ती साधी झीज. बाण फोममध्ये खोल गेला, ओढताना घासला, दुसऱ्या बाणाने मारलं. पाचांवर तीच जागा, समजा उजवी खालची, झिजली असेल तर ती रेस्टला किंवा केबलला लागतेय. मग नवी वेनही तशीच जाणार. शेपटीवर आणि रेस्टवर टाल्कम पावडर फवारून एक बाण मारा. पावडर जिथे पुसली गेली तिथे स्पर्श आहे. तो आधी निस्तरा. वेन्स सगळ्या मिळून थोड्या फिरवायच्या असतील तर जिगमध्ये नॉक धरणारा भाग फिरवा, बाणावरचा नॉक नव्हे. बाणावरचा फिरवलात की ट्यूनिंग गेलं.

कोकणवारा

गोंद.

वेन्ससाठी मुख्यतः दोन प्रकार वापरतात: क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट आणि हळू वाळणारा द्रावणाचा गोंद. ट्यून केलेल्या बाणांवर एक-दोनच वेन्स बसवायच्या असतील तर मी पहिल्याच्या बाजूने आहे, कारण एका क्लॅम्पवर २०-३० सेकंदांत काम होतं. दुसऱ्याला प्रत्येक वेनमागे दहा-पंधरा मिनिटं क्लॅम्प अडकून पडतो. पण किराणा दुकानातला पाण्यासारखा पातळ इन्स्टंट गोंद टाळा. तो वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो, लक्ष्याच्या बटवर बाण आदळला की वेनचा पुढचा कोपरा उडतो. शिवाय पसरून क्लॅम्पखाली जातो. बाणांसाठीचा रबरमिश्रित गोंद मिळतो, जरा घट्ट असतो, तो घ्या.

वेनचा तळही एकदा अल्कोहोलने पुसा. साच्यातून सहज निघावी म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर त्यावर राहिलेला असू शकतो. प्रायमर आधीच लावलेल्या वेन्सचा तळ मात्र घासू नका. त्या काय आहेत ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

गोंद किती? दोन इंची वेनला तळभर एक सुतासारखी ओळ. क्लॅम्प दाबल्यावर दोन्ही बाजूंनी गोंद ओघळला म्हणजे जास्त झाला. क्लॅम्प टेकवल्यावर वेन सरकवायची नाही. सायनोॲक्रिलेट तेवढी सवड देत नाही. पुढे, मध्ये, मागे बोटाने एकेक हलका दाब. क्लॅम्प काढताना आधी उघडा, मग वर उचला. उलट क्रम केला की ताजी वेन उपटून येते.

मग पुढच्या आणि मागच्या टोकाला गोंदाचा एकेक बारीक थेंब. पुढचा महत्त्वाचा, बटमध्ये आधी तोच घुसतो. टूथपिकने उतार करा, गाठ ठेवू नका.

हवामानाचं: हा गोंद हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतो. पावसाळ्यात रत्नागिरी-पणजीकडे तो क्लॅम्प खाली आणेपर्यंतच पकडतो, आणि वेनच्या कडेला पांढरी बुरशीसारखी झाक येते. त्याने ताकद कमी होत नाही, पण गोंद जास्त झाल्याची ती खूण. मे महिन्यातल्या नागपुरात हवा इतकी कोरडी की ३० सेकंदांच्या जागी मिनिटभर धरावं लागतं. दमट दिवशी आणखी एक: अल्कोहोल उडताना शाफ्ट गार पडतो आणि त्यावर न दिसणारा ओलावा बसतो. पुसल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा.

रिकर्व्ह_ताई

रिकर्व्हवाल्यांसाठी थोडक्यात, कारण आमच्याकडे गोंदच नसतो. स्पिन विंग (आमची वळणदार वेन) दुहेरी चिकटपट्टीवर बसते आणि पुढे-मागे एकेक पट्टी गुंडाळतात.

यात नॉक हलायची भीती कमी, विंग नखाने निघते. चुकीची जागा मात्र जास्त, कारण क्लॅम्प नाही. शाफ्टवर तीन रेघा हव्यात, आणि त्या नॉकला धरून रेघा मारणाऱ्या साधनाने ओढलेल्या हव्यात. बायटरचा ट्राय-लायनर याच कामाचा. एकच विंग बदलायची असेल तर जुनी पट्टी काढण्याआधी तिच्या पुढच्या टोकाला बारीक खूण करा. मागच्या गुंडाळीखालचा चिकटा पूर्ण पुसा, नाहीतर नवी पट्टी उन्हात सरकते आणि विंग मागे घसरते. विंगची वळणाची दिशा तपासूनच लावा. डावी आणि उजवी वेगळी मिळते, पाकिटं शेजारी ठेवली की अदलाबदल ठरलेली.

पातळ शाफ्टवर पिन नॉक असेल तर फिरणारे सांधे दोन: नॉक पिनवर, आणि पिन शाफ्टमध्ये. साक्षीरेघ शाफ्टवर आणि जुळवणी नॉकच्या खाचेने, म्हणजे मधला कुठलाही सांधा फिरला तरी सापडतो.

पन्नास_मीटर

एका बाणाचा नॉकच चेचलाय, मागून दुसरा बाण बसला होता. नवा घालायचा तर कोन कसा आणायचा?

जिगवाला

आधी त्या बाणाचा शाफ्ट तपासा. दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून लांब, दोनेक इंच कमान येईल इतका वाकवा. थोडा थोडा फिरवत चार-सहा वेळा. करकर ऐकू आली, बोटांना खरखर लागली किंवा एका बाजूला भलताच मऊ वाटला तर तो शाफ्ट मोडून फेकून द्या. मोडून, म्हणजे कुणी उचलून मारणार नाही. मागून मार बसलेल्या शाफ्टला शेपटीकडे उभी चीर जाते, ती नॉक काढल्यावरच दिसते.

शाफ्ट चांगला असेल तर जुना नॉक काढण्याआधी, तो जिगमध्ये बसत असेल तर, साक्षीरेघ ओढून घ्या. खाच पार बिघडली असेल तर शाबूत वेनवरून काम भागवा. नवा नॉक हलकेच खोचा, बाण जिगमध्ये ठेवा, क्लॅम्प शाबूत इंडेक्स वेनवर आणा आणि वेन बरोबर क्लॅम्पमध्ये येईपर्यंत शाफ्ट फिरवा. वेन्स मुळात याच जिगने, याच नॉकला धरून बसवल्या होत्या, त्यामुळे वेन जुळली की नॉक जुन्या कोनात आला.

म्हणून क्रम पक्का: नॉक बदलायचा असेल तर वेन्स सोलण्याआधी. आधी वेन्स सोलल्या आणि मग नॉक काढला की शाफ्टवर पुरावाच उरत नाही.

नॉक सैल असेल तर पातळ पॉलिथिनचा तुकडा मध्ये घालून दाबा. गोंद नाही. पुढच्या वेळी तो फिरवायचाही असतो आणि काढायचाही.

खडूफळा

आणि पुरावा नाहीच उरला तर रडत बसू नका. तिन्ही वेन्स सोललेला बाण म्हणजे नुसता शाफ्टच. तो पुन्हा मारून नॉक पुन्हा जुळवता येतो. फक्त शेपटीचं वजन भरून काढा: दोन इंची वेन साधारण ६ ग्रेनची, तीन मिळून १८, म्हणजे १.१७ ग्रॅम. तेवढ्या वजनाची इलेक्ट्रिकची चिकटपट्टी वेन्सच्या जागी गुंडाळा. शेपूट हलकी राहिली तर शाफ्ट असतो त्यापेक्षा मऊ वागतो आणि आपण नॉक भलतीकडे फिरवतो.

पन्नास_मीटर

सगळं झाल्यावर तपासणी कशी? आणि किती वेळाने मारायचे?

रिकर्व्ह_ताई

गोंद हाताला पक्का लागला तरी रात्रभर सोडा.

आधी वजन. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा पुरतो, ते ०.१५ ग्रेन होतं. बदललेला बाण आणि शाबूत बाण यांत दोन ग्रेनपेक्षा जास्त फरक आला तर जुना गोंद खाली राहिलाय किंवा नवा जास्त झालाय. हे वजन शेवटच्या टोकाला असतं, म्हणून थोडकंही लागतं.

मग मैदानावर. बदललेले तीन आणि न बदललेले तीन मिसळून मारा, आधी ३० मीटर, मग ५०. निदान सहा एंड, प्रत्येक बाण क्रमांकानिशी कागदावर मांडत. एकट्या-दुकट्या बाणावरून काही ठरवू नका. बदललेले तिन्ही मिळून खाली पडत असतील तर नव्या वेन्सचा हवेला अडथळा जास्त आहे; जुन्या कडा दबून गुळगुळीत झालेल्या असतात. हे ट्यूनिंग बिघडल्याचं लक्षण नाही, उरलेल्या बाणांच्याही वेन्स बदलल्या की सगळे एका जागी येतात, साइटची खूण तेवढी नवी घ्यावी लागते. एकच बाण डावी-उजवीकडे सारखा सटकत असेल तर त्याचा नॉक बघा.

पन्नास_मीटर

काल रात्री दोन बाण केले. पहिला साक्षीरेघेवर तंतोतंत. दुसऱ्यावर रेघ आणि क्लॅम्पची कड यांत मिलिमीटरभर फट आहे. नॉक फिरवून जुळवू की रेघच चुकली असेल?

जिगवाला

मिलिमीटर म्हणजे २१ अंश, रेघ ओढताना एवढी चूक होत नाही. पण नॉक फिरवण्याआधी बाण काढून जिगची खाच पुसा, खरवडलेल्या गोंदाचा कण तिथे अडकला की नॉक वाकडा बसतो. खाच साफ, नॉक तळापर्यंत टेकवून पुन्हा ठेवा. कानावरचा ठिपका इंडेक्सच्याच बाजूला आहे ना तेही बघा. तरीही फट राहिली तर नॉक फिरवा.

पन्नास_मीटर

कणच होता.